छत्तीस हजार किलोमीटर आणि पुढचे तीस मीटर

भाईंदर पूर्वेला उतरून बी. पी. रोडने खारीगावाकडे निघालं, की जुन्या चार मजली इमारतींच्या गच्च्या दिसू लागतात. कठड्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी, जिन्याच्या केबिनवर, खिडक्यांच्या ग्रिलला तारेनं बांधलेल्या अशा जागा मिळेल तिथे डिश. काही नव्या, काही गंजून तांबूस झालेल्या, काही नुसत्याच उरलेल्या, वायर कापलेल्या. मालक वेगळे, कंपन्या वेगळ्या, बसवल्याची वर्षं वेगळी. पण सगळ्यांची तोंडं जवळपास एकाच बाजूला, आग्नेयेकडे.

याचं कारण भूगोलात आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीनं फिरतात. म्हणून ते जमिनीवरून एका जागी थांबल्यासारखे वाटतात. भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान उभे आहेत. टाटा प्लेचा ८३ वर, डीडी फ्री डिशचा साडेत्र्याण्णववर, डिश टीव्हीचा ९५ वर, एअरटेलचा १०८ च्या पुढे. भाईंदर मात्र ७३ अंशांच्याही किंचित अलीकडे, देशाच्या पश्चिम काठावर. त्यामुळे इथून कोणताही उपग्रह गाठायचा तर दक्षिणेकडून पूर्वेला वळावं लागतं. कोलकात्यात याच टाटा प्लेची डिश दक्षिणेपासून किंचित पश्चिमेकडे तोंड करून असते.

भूमितीनं हिशेब केला तर खारीच्या गच्चीवरून टाटा प्लेच्या उपग्रहाची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजून सुमारे १५२ अंश येते आणि क्षितिजापासूनची उंची ६४-६५ अंश. फ्री डिशसाठी दिशा १३१ आणि उंची ५७. एअरटेलची डिश आणखी पूर्वेला कललेली, ११५ अंशांवर, आणि उंची फक्त ४४. मुंबई परिसरात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, त्यामुळे मोबाइलमधलं होकायंत्रसुद्धा कामाला येतं. फक्त ते लोखंडी ग्रिलला टेकवून बघू नये.

आकडे रुक्ष वाटतील, पण खारी-नवघर भागातल्या बऱ्याच तक्रारी त्यांतूनच निघतात. ज्या फ्लॅटच्या खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडतात, त्यांना घरातून उपग्रह दिसणं शक्य नाही; त्यांना गच्ची गाठावीच लागते. ज्यांची बाल्कनी आग्नेयेला आहे, तेही सुटले असं नाही, कारण डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो. ५७ अंशांवर बघायचं म्हणजे स्लॅबच्या कडेपासून एक मीटर आत डिश ठेवली, तर तिच्यापासून स्लॅबपर्यंत दीड मीटरहून जास्त मोकळी उंची हवी. टाटा प्लेसाठी ती दोन मीटरच्या वर जाते. एवढी जागा कोणाच्याही बाल्कनीत नसते. म्हणून डिश ग्रिलच्या बाहेर लोंबकळते, आणि ती दिसायला वाईट दिसते म्हणून सोसायटीच्या नोटिसा निघतात.

मुख्य मुद्दा इथेच सांगितलेला बरा. टीव्हीचं चित्र छत्तीस हजार किलोमीटरचा प्रवास करून खारीच्या गच्चीपर्यंत बहुतेक वेळा धडधाकट येतं. ते बिघडतं गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंतच्या तीसेक मीटरमध्ये. त्या टप्प्यात तंत्रज्ञान थोडं असतं. वायर, पाणी, गंज आणि शेजारी जास्त असतात.

खारी, नवघर, गोडदेव ही भाईंदर पूर्वेची जुनी गावं. वसईची खाडी, मिठागरं, भातशेती आणि रेल्वे स्टेशन एवढाच त्यांचा जुना नकाशा. १२ जून १९८५ रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत इथे ५,२०,३८८ माणसं होती. २०११ मध्ये ८,०९,३७८. शहर असं भराभर वाढत असताना इमारतींत पाण्याच्या आणि विजेच्या जोडण्या कशाबशा झाल्या. टीव्हीच्या वायरीसाठी भिंतीतून पाइप ठेवायचा विचार कोणत्या बिल्डरनं करावा? म्हणून वायरी बाहेरून आल्या. डक्टमधून, पावसाच्या पाइपाला बांधून, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून.

त्याआधीची गोष्ट दक्षिणेकडे बघणाऱ्या अँटेनांची. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा भाईंदरपासून सरळ रेषेत तीस-बत्तीस किलोमीटरवर, जवळपास नेमका दक्षिणेला. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकात इथली प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमची अँटेना दक्षिणेकडे बोट दाखवून उभी असे. अंतर तसं बरंच. सिग्नल येई, पण मधल्या उपनगरांच्या इमारतींवर आपटून त्याची दुसरी प्रतही किंचित उशिरानं पोचे आणि पडद्यावर प्रत्येक माणसाला एक सावली चिकटे. ‘चिमणराव’ किंवा शनिवारचा मराठी चित्रपट ऐन रंगात आला, की एकानं गच्चीवर जायचं, एकानं जिन्यात उभं राहायचं आणि एकानं टीव्हीसमोरून ओरडायचं: आला, आला… गेला… जरा उलटा फिरव! बूस्टर लावलेलं घर म्हणजे सधन घर. अँटेनेवर कावळा बसला तरी चित्र हले.

त्या चित्रात एक सोय होती, आणि ती गेल्यावरच तिची किंमत कळली. अ‍ॅनालॉग सिग्नल अशक्त झाला की पडद्यावर मुंग्या येत. सिग्नल आणखी अशक्त, तर आणखी मुंग्या. पण माणसं दिसत राहत, आवाज येत राही. ‘रामायण’ मुंग्यांमधून बघितलेल्या घरांची संख्या मोजली तर ती फार मोठी निघेल. डिजिटल सिग्नलला असा उतार नाही. चित्राबरोबर चुका दुरुस्त करणारी जादा माहिती पाठवलेली असते. जोवर चुका तिच्या आवाक्यात आहेत तोवर चित्र काचेसारखं स्वच्छ. आवाका संपला की चौकोन, मग गोठलेला चेहरा, मग ‘नो सिग्नल’. उत्तम आणि शून्य यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन डेसिबलची कड. रोज त्या कडेवर उभं असलेलं कनेक्शन दुपारी उत्तम चालतं आणि रात्री पाऊस येताच कोसळतं. म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं की कंपनीनं काहीतरी केलं.

केबल मध्ये आली ती १९९१-९२ च्या सुमारास. आखाती युद्धाच्या बातम्या, स्टार, मग २ ऑक्टोबर १९९२ पासून झी. गल्लीतल्या एखाद्या गच्चीवर जाळीची भली मोठी डिश बसे आणि तिथून वायर झाडावरून, विजेच्या खांबावरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी आलं तेव्हा केबलवाल्याचा अँप्लिफायर जिन्याखाली गुरगुरत होता आणि शेवटच्या इमारतीत शेवटच्या घराला जे उरेल ते मिळत होतं. केबलवाला गल्लीतलाच असल्यानं भांडायला सोपा होता. ही सोय पुढे कॉल सेंटरनं संपवली.

मुंबईत केबल डिजिटल होण्याचा प्रवास लोकलच्या नकाशावर मांडता येतो. ३१ डिसेंबर २००६ पासून ‘कॅस’ची सक्ती झाली ती दक्षिण मुंबईत, पैसे भरायच्या वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्स आला. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशासाठी चार टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात संपूर्ण मुंबई महापालिका हद्द. तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली. दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांवरच्या लोकसंख्येची शहरं निवडली गेली. महाराष्ट्रातून ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, औरंगाबाद, सोलापूर; मुदत ३१ मार्च २०१३. मीरा-भाईंदर लोकसंख्येत कमी पडलं आणि तिसऱ्या टप्प्यात गेलं. ती मुदत आधी ३१ डिसेंबर २०१५ होती. मग निरनिराळ्या उच्च न्यायालयांत याचिका गेल्या आणि शेवटी ३१ जानेवारी २०१७ उजाडला.

म्हणजे कायद्याच्या हिशेबानं, मुंबईची हद्द जिथे संपते त्या दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे बॉक्स सक्तीचा आणि पलीकडे चार वर्षांहून जास्त काळ ऐच्छिक. पूर्वेला घोडबंदर रोडवरून ठाण्याच्या हद्दीत शिरलं तरी तिथेही डिजिटल. मधला पट्टा तेवढा अ‍ॅनालॉग. चर्चगेटहून सुटलेली जलद गाडी तासाभरात भाईंदरला पोचते. सेट-टॉप बॉक्सची सक्ती दहा वर्षं घेऊन आली. प्रत्यक्षात मोठ्या केबल कंपन्यांचं जाळं नाका ओळखत नसल्यानं बॉक्स इथेही आधीच शिरले होते. पण ज्याला नको होता त्याला ‘अजून आपल्याकडे कायदा आला नाही’ असं म्हणायला जागा होती, आणि ज्याला चांगलं चित्र हवं होतं त्यानं कंटाळून डिश घेतली. खारीच्या गच्च्यांवर डिशची जी दाटी आहे तिची मुळं त्या मधल्या वर्षांतही आहेत.

डिश त्याच्या आधीपासून येत होत्याच. डिश टीव्ही २००३, डीडी डायरेक्ट प्लस १६ डिसेंबर २००४ (हीच पुढे फ्री डिश झाली), टाटा स्काय (आताची टाटा प्ले) २००६, मग एअरटेल, मग औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनची डीटूएच. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून चालते तो ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सुटला; इकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. टाटा प्लेसाठीचा जीसॅट-२४ हा २३ जून २०२२ ला त्याच तळावरून गेला आणि त्याची सगळी क्षमता त्या एका कंपनीला भाड्यानं दिली गेली.

अशा उपग्रहावरचा एक ट्रान्सपाँडर शंभर-दीडशे वॉटचा असतो, म्हणजे जुन्या काळच्या घरातल्या पिवळ्या दिव्याएवढा, आणि तो अख्ख्या देशावर पसरतो. साठ सेंटिमीटरची डिश त्यातलं कणभर गोळा करते. समोरच्या दांड्यावरचा एलएनबी त्याला मोठं करतो, त्याची फ्रिक्वेन्सी खाली आणतो आणि वायरीत ढकलतो. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंशांची. ती दीड अंश सरकली की ताकद निम्मी, तीन अंश सरकली की दुकान बंद. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. तसल्या वाऱ्यात ढिल्या नटची डिश दोन-तीन अंश फिरायला फार वेळ लागत नाही. एलएनबीही सरळ उभा ठेवून चालत नाही. लहरींच्या आडव्या-उभ्या पातळ्या मुंबईतून तिरप्या दिसतात, म्हणून त्यालाही त्याच्या पकडीत बराच पिळावा लागतो. घाईत बसवलेल्या डिशमध्ये हा पीळ विसरला जातो. मग काही चॅनेल येतात, काही येत नाहीत.

पावसाचं काय? मुंबईच्या पावसात डिश जाणारच, हे अर्धसत्य आहे. डीटीएचच्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. पावसाचे मोठे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. त्यामुळे ढगफुटीसारख्या सरीत पाच-दहा मिनिटं चित्र जाणं भौतिकशास्त्राला धरून आहे. उपग्रह जितका खाली तितका पावसातला तिरपा प्रवास लांब. इतर सगळं सारखं असेल तर ६४ अंशांवरच्या उपग्रहापेक्षा ४४ अंशांवरच्या उपग्रहाला सर थोडी जास्त भोवते. पण पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल, किंवा साध्या रिमझिमीत जात असेल, तर दोष आभाळाचा नाही. डिश आधीपासूनच कडेवर उभी होती, किंवा पाणी जोडात शिरलं आहे.

जोड हा खारीचा खास शत्रू. खाडीवरून येणारी खारट हवा लोखंडाला सोडत नाही, तशी एफ कनेक्टरच्या पिनेलाही सोडत नाही. तांब्याच्या मधल्या तारेवर हिरवट थर चढतो. एलएनबीवरचं रबरी टोपण उन्हानं तडकतं. तिथून शिरलेलं पाणी वायरीच्या जाळीतून झिरपत खाली येतं आणि कधीकधी थेट बॉक्सच्या पाठीत पोचतं. डिश लावणारे अनुभवी कारागीर दोन गोष्टी न चुकता करतात. वायर जोडात शिरण्याआधी तिला खाली झुकलेला एक झोल देतात, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. आणि जोडावर एम-सील किंवा चांगली टेप गुंडाळतात. घाईतले कारागीर यांतलं काही करत नाहीत, आणि गिऱ्हाईकही गच्चीवर येऊन बघत नाही. पावसाळ्याआधी पत्रे आणि गळती बघायला गच्चीवर जाणाऱ्यानं याच फेरीत डिशचे नट आणि टोपण बघितलं तर जूनमधले फोन वाचतात.

वायरीचाही हिशेब आहे. चांगली आरजी-६ वायर डीटीएचच्या फ्रिक्वेन्सीवर शंभर मीटरला निदान वीसेक डेसिबल सिग्नल खाते. तीस मीटरला सहा, म्हणजे ताकद चौथाईवर. एवढं बॉक्स सहन करतो. पण मध्ये जुनी बारीक वायर जोडलेली असेल, दोन ठिकाणी नुसता पीळ मारून टेप लावलेली असेल, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी केबलचा स्वस्त स्प्लिटर बसवला असेल, तर कड आपोआप जवळ येते. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमी देतो. डीटीएचमध्ये तर बॉक्स वायरीतूनच एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा वीजपुरवठा करतो आणि त्यातूनच आडव्या लहरी हव्यात की उभ्या ते सांगतो. लांब, गंजक्या वायरीत १८ चे १५ झाले की एलएनबी गोंधळतो, आणि अर्धे चॅनेल गायब होतात. गिऱ्हाईक पॅक संपला का ते बघत बसतं.

इथे एक परीक्षा कोणालाही घरबसल्या करता येते. एका फ्रिक्वेन्सीवर डझन-दीड डझन चॅनेल एकत्र बांधलेले असतात, केबलवरही आणि डिशवरही. त्यामुळे बिघाड गटानं होतो. सगळेच चॅनेल गेले तर डिश फिरली, वायर तुटली किंवा रिचार्ज संपला. एक ठरावीक गट गेला आणि बाकी स्वच्छ आहेत, तर सिग्नलची पातळी कुठेतरी घसरली आहे. जोड, स्प्लिटर किंवा केबलवाल्याचा अँप्लिफायर तपासायचा. एकच चॅनेल गेला तर बहुधा तो पॅकमध्ये नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. यांतली पहिली फसवी. चुकीच्या दिशेला बघणारी डिशही स्ट्रेंग्थ दाखवू शकते, कारण एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही तीत मोजला जातो. क्वालिटीची पट्टी काय सांगते ते महत्त्वाचं, आणि तीही भर पावसात बघण्यापेक्षा कोरड्या दिवशी बघून लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी ती घसरलेली दिसली तर बिघाड हळूहळू येतो आहे हे आधीच कळतं.

दिवाळीच्या थोडं आधी आणि होळीच्या आगेमागे आणखी एक गंमत घडते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत सूर्य, मुंबईहून बघताना, बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून सरकतो. फ्री डिशच्या बाबतीत हे सकाळी अकराच्या आगेमागे. सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो, आणि काही दिवस रोज काही मिनिटं चित्र जातं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर तो येईपर्यंत सगळं ठीक. या योगाचा एक उपयोगही आहे: त्या मिनिटांना आपल्या बाल्कनीच्या ज्या कोपऱ्यात ऊन पडतं, तिथून उपग्रह दिसतो. सावली असेल तर नाही. समोर नवा टॉवर उभा राहत असेल तर पुढच्या वर्षी काय होणार याचाही अंदाज तिथेच येतो.

गच्चीचं भांडण मात्र कुठल्याही मीटरवर मोजता येत नाही. डिशचा पाय गच्चीच्या फरशीत ठोकला की बोल्ट कोब्यात जातो, वॉटरप्रूफिंगला भोक पडतं, आणि वरच्या मजल्यावरच्या घरात गळती सुरू होते. मग सर्वसाधारण सभेत ठराव: डिश फक्त कठड्यावर. कठडा भरला की फक्त टाकीच्या भिंतीवर. भाडेकरू घर सोडून जातो, डिश राहते. ती कोणी काढायची यावर एकमत होत नाही. नव्या डिशनं जुन्या डिशची नजर अडवली तर दोन बिऱ्हाडं बोलेनाशी होतात. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी कामावर, दुरुस्तीवाला खाली ताटकळतो आणि तासाभरानं ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ लिहून निघून जातो. यावर तांत्रिक उपाय जुना आहे: एका कंपनीची एकच मोठी डिश, मल्टिस्विच, आणि प्रत्येक घराला एक वायर. पण त्यासाठी इमारतीतल्या सगळ्यांनी एक कंपनी निवडावी लागते. एकाला गुजराती, एकाला भोजपुरी, एकाला तमिळ, एकाला मराठी आणि सगळ्यांना क्रिकेट हवं असलेल्या भाईंदरच्या इमारतीत हे होत नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही जरा जास्तच आहे.

क्रिकेटमुळेच फ्री डिश इथे पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कधारक वाहिनीला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ते फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांसाठी आणि तिच्या स्वतःच्या फ्री डिशसाठी आहे. खाजगी केबल-डीटीएचवरच्या दूरदर्शनवर ते दाखवता येणार नाही. मग भारताचा सामना फुकट बघायचा तर डिश हवी, तीही दूरदर्शनची. बॉक्ससकट ती दीड-दोन हजारांत मिळते आणि महिन्याचं भाडं शून्य. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायची नवी दररचना आली, पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे आणि पैशांच्या वाहिन्या वेगळ्या. ते गणित सोडवताना थकलेल्या अनेकांनी दुसऱ्या टीव्हीसाठी फ्री डिश घेतली. देशात ती चार कोटींहून अधिक घरांत असल्याचं सांगितलं जातं. पैसे देऊन डीटीएच बघणारी घरं मात्र, ट्रायच्या आकड्यांप्रमाणे, २०२१ च्या सुमारच्या सातएक कोटींवरून २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आली.

वरळीचा मनोरा डिजिटल झाला, हे फारच थोड्यांच्या कानावर गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शननं मुंबईसह सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केलं: डीडी नॅशनल, डीडी न्यूज, भारती, स्पोर्ट्स आणि प्रादेशिक, विनाडिश, विनाभाडं, मोबाइलला डोंगल लावून किंवा तसा ट्यूनर असलेल्या टीव्हीवर साध्या अँटेनेनं. युरोपात याच तंत्रावर लाखो घरं टीव्ही बघतात. इथे डोंगल कुठे मिळतं ते कोणी सांगितलं नाही, टीव्ही विकणाऱ्या दुकानदारालाही ट्यूनर आहे की नाही ते ठाऊक नसे. जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर तर मार्च २०२२ पर्यंत, सीमाभागातले मोजके सोडून, देशभर बंद करण्यात आले. दक्षिणेकडे बोट दाखवणाऱ्या अँटेना त्याआधीच भंगारात गेल्या होत्या. सरकारी प्रसारणाची ही एक हुकलेली संधी म्हणावी लागेल. भाईंदरसारख्या सपाट, खाडीकाठच्या गावात साध्या छतावरच्या अँटेनेनं पाच-सहा वाहिन्या मिळणं मुळीच अवघड नव्हतं.

आता वायर बदलते आहे. केबलवाल्यांच्याच खांबांवरून ऑप्टिकल फायबर आला, ब्रॉडबँडबरोबर टीव्हीही त्यातून येऊ लागला. फायबरला गंज नाही, पाऊस नाही, आग्नेय नाही. त्याचा अडथळा वेगळा: तो खिडकीच्या चौकटीत काटकोनात वाकवला की उजेड गळतो, आणि राउटर दिवाणखान्यात, टीव्ही शेवटच्या खोलीत असेल तर मधल्या दोन भिंती चित्राला अडवतात. वाय-फायवर फिरत बसणारं वर्तुळ बघून पुन्हा डिशकडे वळलेली घरंही आहेत. टीव्ही संचातच उपग्रहाचा ट्यूनर बसवायचं भारतीय मानक, आयएस १८११२, २०२२ साली तयार झालं आहे. तसा टीव्ही घेतला तर फ्री डिशसाठी वेगळा बॉक्स लागणार नाही. डिश आणि वायर लागेलच.

दरम्यान, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ट्रायनं २५ ऑक्टोबर २०२४ रोजी इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकित मानांकन देण्याची नियमावली काढली. तिच्यात फायबरची तयारी, मोबाइलचा सिग्नल, इमारतीतलं वाय-फाय आणि ब्रॉडबँडचा वेग मोजला जातो. टीव्हीचा त्यात वेगळा रकाना नाही, पण फायबरसाठी मजल्यामजल्यावरून जाणारा जो रिकामा डक्ट लागतो, त्यातूनच डिशची वायरही जाते. करारावर सही करण्याआधी सभासद बिल्डरकडे जी यादी देतात, तीत कार्पेट, पार्किंग, कॉर्पस आणि भाडं हे चार मुद्दे ठरलेले. गच्चीवर कोबा न फोडता डिश बसवता येतील असे लोखंडी स्टँड, तिथून प्रत्येक फ्लॅटच्या दिवाणखान्यापर्यंत एक पाइप, आणि त्यात ओढलेली एक अखंड, बिनजोडाची आरजी-६, हा पाचवा मुद्दा सहसा कोणी लिहीत नाही. बांधकाम चालू असताना त्याला खर्च नगण्य येतो. ताबा मिळाल्यावर तेच काम भिंत फोडून, घरटी काही हजारांत आणि सोसायटीच्या दोन सभा घेऊन करावं लागतं.